कोरडा सदरा

लिगेरी: कपाळाला काय चिकटवलंयस गं हे? मघापासून नुसती खाज सुटलीय.

मेल्पो: हात नका लावू, मावशी. बारीक ठिपके आहेत नुसते. भुवईवर, गालावर, ओठांच्या कडेला. चेहरा हलला की ते हलतात, आणि कॅमेऱ्याला कळतं कुठला स्नायू किती ओढला गेला ते.

लिगेरी: गोवर आलेल्या पोरासारखी दिसत असेन.

असिमिना: दिसताय.

लिगेरी: तू कॉफी बघ. सून म्हणून आणली, आरसा म्हणून नाही.

मेल्पो: खुर्ची जरा इकडे घेऊ या का? समुद्राकडे तोंड केलंत की उजेड छान पडेल.

लिगेरी: समुद्राकडे तोंड करून मी गात नाही. डोंगराकडे बसते. उजेडाचं तू बघ.

मेल्पो: बरं. मग आत बसलो तर? दिवा लावता येईल.

लिगेरी: घरात मढं नसताना घरात बसून विलाप गायचा नसतो, पोरी. घराला वाटतं, आपल्याकडंच काम निघालंय. तुझी आजी पलीकडच्या गावची ना? तिनं शिकवलं नाही तुला?

मेल्पो: आजी गेली तेव्हा मी लहान होते. आई कालामाताला राहायला गेली, मग सगळंच सुटलं.

लिगेरी: तुझी आजी माझ्याबरोबर गायची. आवाज फाटका, पण शब्द असे काढायची की वाटणीवरून भांडणारे भाऊ मढ्यासमोर हात हातात घ्यायचे. बाहेर पडले की पुन्हा भांडायचे, ते वेगळं. बरं, सांग काय करायचं.

मेल्पो: पहिल्यांदा काहीच नाही. चेहरा कोरा ठेवायचा. कुठलाच भाव नको.

लिगेरी: मग मला कशाला बसवलंस? समोर भिंत होती की.

असिमिना: भिंत इतकं बोलत नाही, आई.

मेल्पो: झालं. छान. आता दुःखी चेहरा करा.

लिगेरी: कशाबद्दल?

मेल्पो: कशाबद्दल नाही. मुद्दाम करायचा. नुसतं दुःख.

लिगेरी: नुसतं दुःख. असिमिना, आहे का गं आपल्याकडं?

असिमिना: संपलं. आता आहे ते सगळं कशाबद्दल तरी आहे.

मेल्पो: हसताय तुम्ही दोघी. पण प्रयोगाचा हा भाग महत्त्वाचा आहे. करून बघा ना... हं. मावशी, हे दाढ दुखल्यासारखं दिसतंय.

लिगेरी: दाढही दुखतेच आहे.

मेल्पो: सांगते का ते. माणूस मुद्दाम दुःखी चेहरा करतो तेव्हा ओठ खाली ओढतो. तेवढं सगळ्यांना जमतं. पण भुवयांची आतली टोकं, ही नाकाजवळची, ती वर जात नाहीत. ठरवून ती उचलणं फार थोड्यांना जमतं. दुःख आतून आलं तर ती आपोआप उठतात. आमचे प्राध्यापक म्हणतात, तुमच्याकडच्या बायका जन्मभर दुसऱ्यांच्या मढ्यावर गातात. परक्या माणसासाठी गाताना त्यांच्या भुवया उठतात की नाही, हे कोणी बघितलेलंच नाही.

लिगेरी: म्हणजे मी खरं रडते का खोटं, ते बघायला आलीस तू.

मेल्पो: नाही मावशी, तसं नाही—

लिगेरी: बघ की. मलाही कळेल. आणि यात आवाज पण भरला जातो ना? का नुसतं तोंड?

मेल्पो: आवाजही येतो. स्वच्छ येतो.

लिगेरी: नंतर कुठंही लावता येतो?

मेल्पो: हो, हवं तेव्हा.

लिगेरी: बरं. गारिफालिया गेली तेव्हा तिच्या प्रेताजवळच का नाही लावलंस हे यंत्र मग? तिथं मी ताजी गात होते.

मेल्पो: लावलं होतं. त्यांच्या मुलानं तिपाई उचलली, अंगणाबाहेर नेऊन ठेवली, आणि मला कॉफी आणून दिली. म्हणाला, आई गेल्याचं दुःख आहे, त्यात लग्नासारखा कॅमेरा नको. चूक नव्हतं त्याचं. मी बाहेर बसून कॉफी प्यायले नि निघाले. तेव्हा असिमिना मागून आली, म्हणाली, आमच्या घरी ये, आई गातील.

लिगेरी: असिमिना म्हणाली.

असिमिना: तुम्हाला विचारूनच म्हणाले. तुम्ही हो म्हणालात.

लिगेरी: म्हणाले. नाही कुठं म्हणतेय.

मेल्पो: गाण्याआधी थोडी माहिती हवी. वय राहू दे, नंतर भरू. नवरा?

लिगेरी: अनार्गिरोस. वरती आहे, सरूच्या झाडाखाली. चांगला होता. घोरायचा.

मेल्पो: मुलं?

लिगेरी: एक. लिंबेरिस.

मेल्पो: कुठं असतो?

लिगेरी: समुद्रावर असतो.

मेल्पो: अच्छा, जहाजावर. सुट्टीला येतो की... अरे, भांडं पडलं का? भाजलं का तुला?

असिमिना: नाही. उतू गेली कॉफी. दुसरी ठेवते.

लिगेरी: राहू दे आता कॉफी. मी रुमाल घेऊन येते आतून. उघड्या डोक्यानं गायला बसले तर अनार्गिरोसाला वाटेल, लाज सोडली बाईनं.

[लिगेरी काळा रुमाल आणायला आत जाते.]

मेल्पो: मी काहीतरी भलतंच विचारलं का?

असिमिना: हळू बोल. त्यांचे कान शाबूत आहेत.

मेल्पो: तो कुठल्या जहाजावर आहे?

असिमिना: कुठल्याच नाही. होडी होती त्याची. जाळी टाकायला जमिनीच्या टोकाच्या पलीकडं गेला. संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला. सकाळी होडी सापडली. जाळं अर्धं पाण्यात, अर्धं होडीत. डबा उघडलेला, पाव तोडून ठेवलेला. तो नाही.

मेल्पो: कधी गं?

असिमिना: ही अंजिराची झाडं तेव्हा माझ्या कमरेला लागायची. आता आम्ही त्यांच्या सावलीत बसतो.

मेल्पो: आणि मावशींना वाटतं तो...

असिमिना: काय वाटतं ते कोणाला माहीत? त्या म्हणतात, समुद्रावर आहे. मी म्हणते, हो. खोटं कुठं आहे? गावही तेच म्हणतं, त्यांच्यासमोर. पाद्री दर रविवारी त्याचं नाव जिवंतांच्या नावांत वाचतो. एकदा हळूच मला म्हणाला, आईनं सांगितल्याशिवाय मी नाव मेलेल्यांच्या यादीत नेणार नाही, माझी हिंमत नाही. मेलेल्यासाठी करतात तसे गहू उकडले नाहीत, साखर घातली नाही, डाळिंब सोललं नाही. चाळिसावा दिवस घातला नाही, वर्षश्राद्ध नाही. बघ माझ्या अंगावर काय आहे.

मेल्पो: पिवळा झगा. सुंदर आहे.

असिमिना: त्याच घेऊन येतात. गिथिओच्या बाजारातून. विधवा घालते तसा काळा स्कर्ट मी एकदा घातला, बागेत काम होतं, मळणार नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी तो दोरीवरून नाहीसा. विहिरीजवळ राख सापडली.

मेल्पो: तू कधी बोलली नाहीस त्यांच्याशी?

असिमिना: काय बोलू? तुमचा मुलगा मेला, हे मी सांगू त्यांना? सून म्हणून? आणि ऐक. आमच्याकडे प्रेताजवळ गाताना प्रत्येक बाई आपापल्या मेलेल्यांना निरोप धाडते. गारिफालिया, तिकडं गेलीस की माझ्या आईला सांग, माझ्या भावाला सांग. माझी पाळी आली की मी माझ्या आईला निरोप देते. मग गप्प बसते. आणि भोवतीच्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत राहतात. आता सांगेल, आता नवऱ्याचं नाव घेईल. मी घेत नाही. समोर त्या बसलेल्या असतात ना. त्या पण घेत नाहीत.

मेल्पो: असिमिना, हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. ज्यांचं माणूस बेपत्ता आहे अशांना आम्ही या प्रयोगात बसवत नाही. तसा नियमच आहे.

असिमिना: म्हणून तर सांगितलं नाही.

मेल्पो: म्हणजे?

असिमिना: मला वाटलं, गाणं एकदा सुरू झालं की त्यांच्या हातात राहत नाही. मढ्यावर गाताना सगळ्या बघतात, म्हणून त्या स्वतःला धरून ठेवतात. इथं कोण आहे? मी, तू नि शेळी. म्हटलं, निघालं तर निघेल.

मेल्पो: आणि निघालं म्हणजे काय होईल?

असिमिना: मी काय मागतेय? त्यानं परत यावं, असं मागत नाही. फक्त कोणीतरी म्हणावं. आमची बस चालवतो ना, पानागोस, त्याची बायको गेली तेव्हा आईच गायल्या होत्या तिच्यासाठी. तो म्हणतो, ईस्टरनंतर त्याची कालामाताच्या फेऱ्यांवर बदली आहे. येतेस का, म्हणतो. दोनदा विचारून झालं. मी त्याला सांगितलं, माझा नवरा समुद्रावर आहे. त्यानं तिकीट फाडून दिलं. दुसरं काय करणार?

मेल्पो: मी हे थांबवते. काहीतरी सांगते, बॅटरी संपली म्हणून.

असिमिना: नको. थांबवू नकोस. आल्या बघ.

लिगेरी: काय कुजबुजताय? शेळीसुद्धा कान टवकारून ऐकतेय.

असिमिना: कॅमेऱ्याची बॅटरी संपत आलीय म्हणते.

लिगेरी: मग आवर. माझीही फार शिल्लक नाही. काय, कोणासाठी गायचं?

मेल्पो: तुम्हीच सांगा, मावशी. गायचंच असेल तर. नाही गायलंत तरी चालेल.

लिगेरी: आता पाय मागे घेऊ नकोस, रुमाल बांधलाय मी. अनार्गिरोसासाठी गाते. त्याची आता सवय झालीय, त्याला लागणार नाही. चालू आहे?

मेल्पो: चालू आहे.

लिगेरी:
ऊठ रे अनार्गिरोसा, किती वेळ झोपायचं,
ऑलिव्ह पिकून काळे झाले, कोणी झोडपायचं?
तू गेलास, बरं केलंस, हात झाडून सुटलास,
भिंत अर्धी बांधलेली, दगड ढीग टाकलास.
शेळी तुझी आडदांड, मलाच शिंग लावते,
तुझ्यासारखी हट्टी म्हणून तिलाच माया लावते.

असिमिना: हे नवीन आहे.

लिगेरी: मध्ये बोलू नको, सूर तुटतो.

थंड पडला पलंग रे, घोरणं नाही कानी,
शिव्या देत होते तेव्हा, आता झोप न पाणी.
सरूखाली गार आहे? शेजार कसा आहे?
माझी जागा राखलीय ना? का तीही कुणी घेतलीय?

निरोप माझा सासूला दे, हात माझा बरा आहे,
मीठ तिच्याच मापानं आजही मी टाकत आहे.
भाऊ माझा भेटला तर म्हण, बहीण रागे नाही,
वाटणीतल्या त्या विहिरीचं पाणी तसंही गोड नाही.

आणि एक विचारते, हळूच सांग, मोठ्यानं नको,
खालच्या अंगणी ऐकू जाईल, दार उघडं टाकू नको.
पोर तिकडं आलं का रे? ओलं आलं का पोर?
उंबऱ्याशी उभं असेल, लाजतं ते थोरांसमोर.
रागावू नको त्याच्यावर, उशीर झाला त्याला,
पेटीतला तुझा कोरडा सदरा दे रे त्याला.

मेल्पो: मावशी.

असिमिना: आई.

लिगेरी: काय झालं? का उठलीस? बस खाली.

असिमिना: आई, तुम्ही काय गायलात?

लिगेरी: विचारलं फक्त. विचारणं म्हणजे सांगणं नव्हे.

असिमिना: मेलेल्या माणसाला विचारलंत.

लिगेरी: जिवंतांना विचारून झालं की. बंदरावर विचारलं. टोकावरच्या दीपगृहात विचारलं. पिरेअसला जाणाऱ्या नावाड्याला त्याचा फोटो देऊन पाठवलं. अनार्गिरोसाला तेवढं विचारायचं राहिलं होतं. तो म्हणेल, नाही आला इकडं. मग झालं. काय बिघडलं?

मेल्पो: मी बंद करते हे.

लिगेरी: राहू दे. त्या भुवया उठल्या का माझ्या?

मेल्पो: मावशी, ते आता नको.

लिगेरी: तू त्यासाठीच आलीस ना डोंगर चढून? सांग.

मेल्पो: नवऱ्यासाठी गात होता तेव्हा नाही उठल्या. शेळीच्या ओळीला तर तुम्ही हसलातच. पुढं... पुढं उठल्या. तुम्ही काय गाताय ते मला ऐकू येत होतं, आणि तरी मी भुवयाच बघत होते. मला माझीच लाज वाटतेय.

लिगेरी: वाटून घेऊ नको. मढ्याजवळ मीही बघतेच, कोण रडतंय नि कोण नुसतं नाक पुसतंय. ज्याचं त्याचं काम.

असिमिना: आई, माझ्याकडं बघा.

लिगेरी: बघतेय की. चेहरा उतरलाय तुझा. काही खाल्लं नाहीस सकाळपासून. आत चीज आहे, पाव आहे, मेल्पोलाही दे.

असिमिना: मला भूक नाही. तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

लिगेरी: तूच आणलंस हिला. मुद्दाम आणलंस.

असिमिना: हो. मुद्दाम आणलं.

लिगेरी: लोकांपुढं माझ्या तोंडातून काढायला.

असिमिना: कुठले लोक, आई? आपण दोघीच आहोत या घरात, इतकी वर्षं. जेवताना दोघी, ऑलिव्ह वेचताना दोघी. तिसरं ताट तुम्ही मांडता, मी उचलते. तुम्ही पुन्हा मांडता, मी पुन्हा उचलते. कधी एका शब्दानं बोललो का आपण?

लिगेरी: मग बोलायचं होतंस. तुझ्या तोंडाला कोणी कुलूप घातलं होतं? बायको होतीस त्याची.

असिमिना: ‘होतीस’ म्हणालात.

लिगेरी: शब्द पकडू नकोस माझे.

असिमिना: मी कशी बोलणार होते? मी बोलले असते तर गावानं म्हटलं असतं, घाई झालीय हिला. तुम्हीही म्हटलं असतंत.

लिगेरी: म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू? ती बस आपल्या वळणावर उगाच हॉर्न देते. वळणावर कोणी नसतं, रस्ता मोकळा असतो, तरी देते. मला काय ऐकू येत नाही?

असिमिना: त्याला मी नाही म्हटलंय.

लिगेरी: कधी?

असिमिना: दोन्ही वेळा. काल पुन्हा सांगितलं, आता विचारू नकोस.

लिगेरी: का?

असिमिना: का म्हणून काय विचारता? त्याच्याबरोबर जायचं तर आधी इथं कोणीतरी म्हणायला हवं ना. तुम्ही म्हणणार नाही. मला म्हणवत नाही. मग काय करू? तो काय जन्मभर हॉर्न वाजवत बसेल?

मेल्पो: मी थोडा वेळ खाली जाऊन बसू का? रस्त्यावर?

लिगेरी: कुठं जातेस? ते ठिपके माझ्या तोंडावर ठेवून? बस. तुला विचारायचंय काही. यात जे भरलंय, आवाज, त्यातलं नाव बदलता येतं का?

मेल्पो: नाव? म्हणजे?

लिगेरी: मी अनार्गिरोसा म्हटलंय ना. तिथं लिगेरी घालता येईल का? ऊठ गं लिगेरी, असं. सूर बसतो, मी म्हणून बघितलंय.

मेल्पो: तुमचंच नाव? कशाला?

लिगेरी: लावायला. माझ्या वेळी. मी या किनाऱ्यावरच्या किती जणांना पोचवलं, कोणी मोजलंय? भांडकुदळ माणसांसाठीसुद्धा चांगलं गायले. त्या कंजूष दिमोसासाठी गायले तर त्याचा मुलगा म्हणाला, मावशी, हे कोणाबद्दल गाताय? आणि माझ्याजवळ कोण बसणार? बहिणी गेल्या. तुझी आजी गेली. लेक नाही मला. मुकी जाईन मी मातीखाली. पिशवीत घालून फेकलेल्या मांजरीसारखी. म्हणून हो म्हटलं तुझ्या यंत्राला. म्हटलं, स्वतःचं स्वतः भरून ठेवावं.

असिमिना: मी आहे ना.

लिगेरी: तू.

असिमिना: मी गाईन तुमच्यासाठी. तुमच्याकडूनच शिकलेय, सगळ्या चाली येतात मला. गारिफालियाच्या वेळी तुमचा आवाज बसला तेव्हा मीच उचललं होतं.

लिगेरी: गातेस चांगली. माझ्यापेक्षा चांगली गातेस, कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या घरात गेलेली बाई पहिल्या घरच्या मढ्यावर तोंड उघडत नाही. तिला तिथं बसायची जागा नाही. मी केली का ही रीत? माझी आई गेली तेव्हा तिची दुसरीकडं लग्न केलेली सून दाराबाहेर उभी राहिली, आत बोलावायची कोणाची छाती झाली नाही. माझीही नाही झाली.

असिमिना: म्हणून तुम्ही इतकी वर्षं...

लिगेरी: तो समुद्रावर आहे तोवर तू या घरची. तो समुद्रावरून उतरला की तू बसमध्ये बसणार. हेच होतं. बाकी काही नाही. आता थुंक माझ्यावर.

असिमिना: नाही थुंकणार. मीही काही कमी नाही. तुमच्या तोंडून निघावं म्हणून परकी पोरगी घेऊन आले.

मेल्पो: परकी म्हणू नकोस.

असिमिना: चुकले.

लिगेरी: बोला आता दोघी. मढ्यासमोर कधी शब्द अडला नाही माझा.

असिमिना: ऐका, आई. राहू दे हे सगळं. मी जात नाही कुठं. त्याला नाही म्हटलंच आहे, तो विषय संपला. आपण पूर्वीसारखं राहू. तो समुद्रावर आहे, ठीक आहे. मी पिवळा झगा घालीन. ताट मांडू. तुमची वेळ येईल तेव्हा मी तुमच्या उशाशी बसेन आणि असं गाईन की पलीकडच्या गावात दारं उघडतील. झालं? हिचे ठिपके काढू या, नि जेवू या.

मेल्पो: असिमिना, तू काय बोलतेस ते कळतंय का तुला?

असिमिना: कळतंय. तू मध्ये पडू नकोस.

लिगेरी: किती वर्षांची आहेस गं तू?

असिमिना: तुम्हाला माहीत आहे की.

लिगेरी: नाही माहीत. मी मोजणं सोडलं होतं. तुझं मोजलं असतं तर त्याचंही मोजावं लागलं असतं. केस पांढरे होतायत तुझे, इथं कानाजवळ.

असिमिना: होऊ देत.

लिगेरी: या घरात आलीस तेव्हा शेळीसारख्या उड्या मारत जिना उतरायचीस. मी ओरडायचे, पडशील म्हणून.

असिमिना: आई, जाऊ दे ना.

लिगेरी: आणि मी मेले की गाशील, आणि मग? माझ्यामागे या चार भिंतींत एकटी कोणाचं ताट मांडशील? तुझ्यासाठी कोण गाणार आहे?

असिमिना: ते तेव्हाचं तेव्हा बघू.

लिगेरी: इकडे ये. नाही, अशी समोर नको. शेजारी बस. हात दे. मेल्पो, तुझं यंत्र चालू आहे अजून?

मेल्पो: नाही, मावशी. मघाशीच बंद केलं. तुम्ही राहू दे म्हणालात तरी केलं.

लिगेरी: बरं केलंस. हे गायचं नाही. नुसतं सांगायचंय, साध्या तोंडानं, आणि मला जमतंय का बघू दे.

असिमिना: नका, आई. मी मागत नाही आता. खरंच मागत नाही.

लिगेरी: गप बस. माझा मुलगा मेला, असिमिना. तुझा नवरा मेला.